हात क्रमांक चार

मी पोटासाठी फोन धरते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय करता? नक्की तेच करते. फोन हातात देतात, मी धरते. चाळीस मिनिटं धरायचा, अंगठा वरच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत न्यायचा, खिशातून काढायचा, परत ठेवायचा, आणि मग कागदावर गुण द्यायचे. पकड कशी, थकवा किती, करंगळीवर भार येतो का, कडा टोचते का, पाठ सरकते का. सगळं दहापैकी. ज्याला हे सोपं वाटतं त्याने पाव किलोची चकचकीत वस्तू चाळीस मिनिटं एका हातात धरून बसावं, मग माझ्याशी बोलावं.

आमच्या खोलीत सहा हात आहेत. माणसंही सहाच, पण कागदावर हात लिहितात. एक आणि दोन मोठे, तीन आणि चार मध्यम, पाच आणि सहा लहान. मी हात क्रमांक चार. वर्षातून एकदा हात मोजतात, मधल्या काळात वाढला तर नाही ना म्हणून. पन्नाशीत माझं बाकी सगळं वाढलं, हात तेवढा जागच्या जागी राहिला.

मोजणाऱ्या साहेबांना आम्ही मिलिमीटर म्हणतो. तोंडावर नाही. माणूस तरुण आहे, सरळ आहे, आणि "जरा जाड वाटतो" असं कोणी म्हटलं की "जरा म्हणजे किती?" असं विचारतो. त्याने हातांसाठी नियम केलेत. सकाळ-संध्याकाळ कंपनीने दिलेलं क्रीम लावायचं. भांडी घासताना हातमोजे. चुना, सिमेंट, रंग यांना शिवायचं नाही. सगळ्यांची कातडी सारखी असली तर गुणांतला फरक फोनचा धरता येतो, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं. हातमोजे मला आवडत नाहीत, म्हणून गेली अकरा वर्षं आमच्या घरची भांडी नवरा घासतो.

नवरा फरशी बसवतो. तीस वर्षं झाली. त्याच्या हातून आजवर एक फरशी पडली नाही, हे तो स्वतः कधी सांगत नाही, त्याचा जोडीदार सांगतो. दोघं मिळून कामं घेतात. सिमेंटने नवऱ्याच्या बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्यात. एकदा कचेरीत ठसा घ्यायला गेलो तर यंत्र सारखं सांगत होतं, बोट ठेवा. बोट ठेवलेलंच होतं. शेवटी कारकुनाने माझा ठसा घेतला आणि त्याच्या नावापुढे "पत्नीमार्फत" असं लिहिलं.

तर गेल्या वर्षी तो नवा फोन आमच्याकडे तपासायला आला. पुढे काच, मागेही काच, कडेने पॉलिश केलेलं स्टील. वजन दोनशे तीस ग्रॅम. पाठ अशी की तिच्यात तोंड बघावं. सहाही हातांनी आठच्या वर गुण दिले आणि मी नऊ दिले. मुद्दाम नाही दिले. माझ्या हातात तो खरंच बसला होता, काच तळव्याला धरून राहत होती. खाली सही केली. फोन बाजारात गेला आणि आम्हा सहा जणांना एकेक भेट मिळाला.

माझा मी नवऱ्याला दिला. त्याचा आधीचा फोन प्लास्टिकचा होता, जाडजूड, पाठीवर खवले, कोपरे झिजलेले. मला तो बघवत नव्हता. देताना मी एक अट घातली. कव्हर घालायचं नाही. आम्ही अर्ध्या मिलिमीटरसाठी महिनाभर भांडायचं आणि लोकांनी घरी नेऊन त्याला रबराची चड्डी घालायची, याचा मला फार राग येतो. माझ्या घरात हे चालणार नाही, असं मी म्हणाले. नवऱ्याने फोन उलटसुलट केला, "तू किती दिलेस याला?" असं विचारलं. नऊ, म्हटलं. तो म्हणाला, "मग झालं तर." आणि जुना फोन त्याने काढून जोडीदाराला देऊन टाकला.

पुढे आठ महिने काही झालं नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. एकच गोष्ट खटकायची, क्रीमचा डबा लवकर संपायचा. महिन्याचा डबा पंधरा दिवसांत. माझा संशय शेजारणीवर. ती मीठ मागायला यायची आणि आमच्या आरशासमोर उभी राहून बोलायची. मी डबा कपाटात ठेवायला लागले. तरी संपत होता. मग मी तिला मीठ देणं बंद केलं. तिच्याशी मी जे वागले त्याची मला अजून लाज वाटते.

याच सुमाराला मिलिमीटरने मला बाजूला घेऊन सांगितलं की यंदा एक हात कायम करायचा ठरलाय आणि तो चार क्रमांकाचा आहे. अकरा वर्षं मी दर वर्षी नव्या कागदावर सही करून वर्षापुरती नोकरी करत आले होते. कायम म्हणजे म्हातारपणाची सोय. पत्र टाइप होऊन त्याच्या खणात पडलेलं होतं. फक्त त्याच फोनची दुसरी आवृत्ती यायची होती, पाठ तीच, तिचा कागद भरायचा आणि पत्र घ्यायचं. अट एकच, वर्षभरात एकही कागद अवैध ठरलेला नसावा. माझा अकरा वर्षांत एकही नव्हता.

तपासणीला दोन आठवडे राहिले होते तेव्हा एका मंगळवारी दुपारी जोडीदार नवऱ्याला धरून घरी घेऊन आला. डाव्या पायाला प्लास्टर. एका शाळेच्या सभागृहात चार फुटी फरश्यांची शेवटची ओळ बसवत होते. त्यातली एक नवऱ्याच्या हातून सुटली आणि पायावर पडली. दोन बोटं मोडली.

"सुटली?" मी म्हटलं.

जोडीदार म्हणाला, "वहिनी, माझ्या डोळ्यांसमोर सुटली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं." मग तो जरा घुटमळला. "तुम्हाला एक विचारू का? हा सकाळपासून हाताला काय चोळत असतो? फोन वाजला की आधी खिशातनं डबी काढतो, हाताला लावतो, मग फोन उचलतो. तेल लावून फरशी उचलतात का कुणी? मी बोललो तर म्हणतो, तुला नाही कळायचं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो प्लास्टरकडे पाहत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डबी होती, आणि तिच्यात माझ्या कंपनीचं क्रीम होतं. वास मी कुठेही ओळखते. जोडीदार निघून गेल्यावर मी दार लावलं.

"अहो, हे काय आहे?"

"फोन राहत नव्हता हातात," नवरा म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तीनदा पडला त्या दिवशी. वाळूवर पडला म्हणून वाचला. मग मी तुझं बघितलं. तू ते लावतेस, तुझ्या हातात राहतो. म्हणून मीही लावलं. राहायला लागला."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? तू नऊ दिलेस. खाली सही आहे तुझी. एवढी सहा माणसं चांगला म्हणतात, मग मी फोनला नावं ठेवू? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात त्याला." त्याने तळवा पँटला पुसला. "हात गेलाय माझा. आधी फोन सुटायला लागला, आता फरशी सुटली. उद्या माणूस खाली उभा असताना सुटेल. मी जोडीदाराला सांगून टाकलंय, हे सभागृह शेवटचं. फरशीच्या दुकानात बसेन नमुने दाखवायला. नमुने लहान असतात."

मला रडू आलं आणि रागही आला. राग आधी आला, कारण तो माझ्या सवयीचा आहे. मी त्याला म्हटलं, तुमचा हात ठणठणीत आहे, फरशी क्रीममुळे सुटली, हलकी काच त्याने चिकटते पण जड फरशी निसटते. तो म्हणाला, क्रीमच्या आधी फोन सुटत होता त्याचं काय. मी म्हटलं, फोनच वाईट आहे. तो हसला. "आता मी पडलोय म्हणून वाईट झाला होय," म्हणाला आणि कूस बदलली. तीस वर्षं ज्या हातांवर आमचं घर चाललं त्या हातांना हा माणूस रद्दीत काढायला निघाला होता, आणि तेही माझ्या सहीमुळे. त्या दिवशी मी जेवले नाही.

सभागृहाच्या फरश्या बसून झाल्या होत्या, फरश्यांमधले सांधे भरायचे राहिले होते. शाळा पुढल्या बुधवारी उघडणार. जोडीदार एकटा पडला. मी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर गेले. खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात तपासणी वगैरे काही नव्हतं. काम अर्धवट टाकून माझा नवरा कामातून उठला असं कोणी म्हणू नये, एवढंच होतं. जोडीदाराने हातमोजे दिले. ते घालून सांध्यात सिमेंटचा मसाला नीट बसत नाही, बोटाने दाबावा लागतो. अर्ध्या तासात मी ते काढून ठेवले.

सहा दिवस मी गुडघ्यावर बसून सांधे भरले. तिसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याला जेवलात का विचारायला मी फोन काढला, आणि तो माझ्या हातून निघून गेला. पडला असंही म्हणता येणार नाही. मी धरला होता आणि मग तो माझ्या हातात नव्हता. मी उचलून परत धरला, परत तेच. बोटं कोरडी ठक्क पडली होती, काचेवर टेकत होती पण धरत नव्हती. माझा स्वतःचा फोनही तोच होता, भेटीतला नवऱ्याला दिल्यावर मी माझ्यासाठी दुसरा विकत घेतला होता. या हाताने मी त्याला अकरा वर्षांतले सगळ्यात जास्त गुण दिले होते.

कोपऱ्यात उरलेल्या चार फरश्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, पाठी बाहेर करून. मी तिकडे बघत बसले. जोडीदाराला विचारलं, यांची पाठ अशी खडबडीत का असते? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी कधी फरशीच पाहिली नव्हती.

"पाठ गुळगुळीत असती तर धरणार कशी, वहिनी? सिमेंटही धरत नाही आणि माणूसही. चकचकीत बाजू बघायला असते. तुमच्या नवऱ्यानेच शिकवलंय मला हे."

घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, आज माझ्याही हातून पडला. दोनदा. तो म्हणाला, "माझं मन राखायला सांगतेस." मी शपथ घेते म्हटलं. तो म्हणाला, "शपथ तोंडी असते. नऊ लेखी आहेत."

तपासणीला चार दिवस उरले होते. मिलिमीटरचा फोन आला. हात नीट ठेवा, पत्रावर वरच्या साहेबांची सही झालीय, म्हणाला. क्रीमचा नवा डबा समोर होता. चार दिवस दिवसातनं सहा वेळा लावून रात्री मोजे घातले असते तर हात पहिल्यासारखा झाला असता, हे मला पक्कं माहीत होतं. मी डबा उचलला आणि शेजारणीकडे नेऊन दिला. सोबत मीठही नेलं. ती आधी घ्यायला तयार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं.

तपासणीच्या दिवशी मिलिमीटरने ओलावा मोजायचं यंत्र माझ्या तळव्याला लावलं, आकडा पाहिला आणि यंत्र झटकून परत लावलं.

"पस्तीस ते पन्नास चालतो. तुमचा चौदा आहे. काय केलंत?"

"सांधे भरले."

"कुणाचे?"

"शाळेचे. बसू द्या मला. हात मोडलेला नाही."

सहा जणांशिवाय तपासणी होत नाही, म्हणून त्याने बसू दिलं. फोन पहिल्यांदा पडला तो खिशातून काढताना. दुसऱ्यांदा अंगठा कोपऱ्याकडे नेताना. तिसऱ्यांदा मी काहीच करत नव्हते, नुसती धरून बसले होते. मिलिमीटरने प्रत्येक वेळी वेळ लिहून घेतली. बाकीचे पाच हात आपापला फोन घट्ट धरून माझ्याकडे बघत होते. मी कागदावर सगळं लिहिलं आणि शेवटी गुण लिहिले. दोन.

"एक का नाही?" मिलिमीटरने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"दिसतो छान."

तो मला बाजूच्या खोलीत घेऊन गेला. खणातून पत्र काढून टेबलावर ठेवलं, शेजारी माझा कागद ठेवला, आणि त्याच्या शेजारी शिक्का. मग खाली आवाजात म्हणाला, "हे बघा, हा हात सामान्य नाही. कागद अवैधच करावा लागेल, आणि तो केला की पत्र गेलं. त्यापेक्षा मी लिहितो, आज तुमची तब्येत बरी नव्हती, तुमचा कागद नंतर भरायचा. पंधरा दिवस क्रीम लावा आणि या. झाकली मूठ राहू द्या."

"सामान्य नाही म्हणजे?" मी म्हटलं. "आमच्या घरात दोन माणसं आहेत आणि दोघांचा हात आज असा आहे. बाहेर जाऊन बघा, कोण दिवसातनं दोनदा क्रीम लावून बसलंय. आम्ही सहा जण लावतो, आणि आमच्याच हातात फोन राहतो. फरशीवाल्यालासुद्धा कळतं की धरायची बाजू खडबडीत ठेवायची."

मिलिमीटरने आपल्या तळव्यावरून अंगठा फिरवला. तोही क्रीम लावतो, हे मला तेव्हा कळलं. मग तो म्हणाला, "तुमचं म्हणणं मी वर कळवीन. पण कशाच्या आधारावर? अवैध कागदाच्या?"

"मग माझे जुने नऊ रद्द करा."

"ते होत नाही. ते वैध हाताने दिलेले आहेत."

मी विचारलं, कागदाची प्रत मला घरी नेता येईल का. तो म्हणाला, वैध कागद बाहेर जात नाही, नियम आहे. मी म्हटलं, आणि अवैध? त्याने नियमांचं पुस्तक काढलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. अवैध कागदाबद्दल त्यात काहीच नव्हतं.

"मारा शिक्का," मी म्हटलं.

"अकरा वर्षं झाली तुम्हाला," मिलिमीटर म्हणाला. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच एक आकडा असा निघाला की जो कुठल्या यंत्राने मोजलेला नव्हता. मग त्याने शिक्का मारला, प्रत काढून दिली, आणि पत्र परत खणात ठेवलं. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. बसथांब्यापर्यंत मी स्वतःला शिव्या देत गेले, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि बस आली तरी लक्षात आलं नाही, पुढची घ्यावी लागली.

घरी नवरा खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवून खिडकीतून बघत होता. मी काही न बोलता कागद त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने चष्मा लावला. तो सावकाश वाचतो, ओठ हलवत. हात क्रमांक चार. पकड, तीन. थकवा, पाच. पाठ सरकते का, हो.

"घसरण तीन वेळा," त्याने मोठ्याने वाचलं आणि वर पाहिलं. "तुझ्याही हातून?"

"माझ्याही."

"त्यांच्यासमोर?"

"सगळ्यांसमोर. वेळ लिहिलीय बघा."

त्याने वेळा वाचल्या. मग शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे अवैध काय आहे?"

"ते माझ्या नोकरीचं आहे," मी म्हटलं. "फोनचं नाही."

मी कायम झाले नाही हे त्याला समजलं, कारण त्याने चष्मा काढला आणि शिक्क्यावर तळवा ठेवला. मग म्हणाला, "तिसऱ्यांदा कसा पडला ते सांग." मी सांगितलं. काहीच करत नव्हते, नुसती बसले होते आणि गेला. "अगदी असाच जातो," तो म्हणाला, आणि पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तो हसला, आणि हसता हसता डोळे पुसले. मग दोन्ही तळवे समोर धरून त्याने नीट पाहिले, कामाला लागण्याआधी पाहतो तसे.

"जोडीदाराला फोन लाव," तो म्हणाला.

मी लावला आणि फोन टेबलावर आडवा ठेवला, कारण तो धरू शकेल असा हात आता आमच्या घरात नव्हता. पलीकडून जोडीदार आधी मोठ्याने आणि मग आणखी मोठ्याने हॅलो हॅलो करायला लागला. नवरा टेबलाकडे वाकला.

"अरे, ऐकतोस का? दुकानाचं रद्द कर. पुढचं काम घे," तो म्हणाला. "महिनाभराने येतो. हाताला काही झालेलं नाही माझ्या, पायाचंच आहे फक्त."